इंचभर बेडकाचा मुलूख

(कारंजा (घाडगे) येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती छपाईसाठी काढली आहे.)



वर्धा जिल्ह्यात व्याख्यान म्हटले की विषय गांधी-विनोबांचा असतो, नाहीतर कापसाच्या भावाचा. दोन्ही विषयांवर माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलणारे लोक याच सभागृहात बसले आहेत. मी तासभर बोलणार आहे तो एका बेडकावर, आणि तोही पुरता इंचभर भरेल न भरेल असा. आयोजकांनी विषय ऐकून एकदा खात्री करून घेतली की मला खरोखर बेडूकच म्हणायचे आहे. होय, तेच म्हणायचे आहे.

बेडूक म्हटले की आपल्यापुढे दोन-तीन चेहरे येतात. पहिल्या जोरदार पावसात पिवळाजर्द होऊन नाल्यात ओरडणारा मोठा बैलबेडूक. रात्री दिव्याखाली किडे खायला येऊन बसणारा खडबडीत भेक. न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला झाडबेडूक. बैलबेडकाची तर सरकारनेही दखल घेतली, कारण त्याच्या तंगड्या परदेशात खाल्ल्या जात. ही निर्यात इतकी वाढली की १९८७ साली भारताला तिच्यावर बंदी घालावी लागली. जो खाता येतो त्याच्यासाठी कायदा होतो. ज्याची तंगडी आगपेटीतल्या काडीएवढीही भरत नाही त्याच्याकडे कोण बघणार?

त्याचे शास्त्रीय नाव मायक्रोहायला ऑर्नाटा. मी आज त्याला नक्षीदार बेडूक म्हणणार आहे. मृगाचा पाऊस पडला की तो पांदणीतल्या बंडीच्या चाकोरीत असतो, ढोरांच्या खुरांनी झालेल्या खळग्यात असतो, वावराच्या धुऱ्याशी साचलेल्या पाण्यात असतो. तो तुम्ही पाहिला आहे. बहुतेकांनी मात्र त्याला मोठ्या बेडकाचे पिल्लू समजून सोडून दिले आहे. तेव्हा आधी त्याचे रूप नीट सांगतो, म्हणजे येत्या पावसाळ्यात ही गल्लत होणार नाही.

नाकाच्या टोकापासून बुडापर्यंत लांबी साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. नर मादीपेक्षा थोडा लहान. शरीर मागच्या बाजूला भरलेले आणि पुढे डोक्याकडे निमुळते, म्हणून वरून पाहिले तर तो त्रिकोणी दिसतो. तोंड अगदी लहान. बैलबेडकाची जिवणी पार मागेपर्यंत फाटलेली असते, याची डोळ्यांच्या आसपासच संपते. बहुतेक बेडकांना डोळ्यामागे कानाचा गोल पडदा स्पष्ट दिसतो. याचा पडदा कातडीखाली दडलेला असतो. कातडी गुळगुळीत, तिच्यावर वळकट्या नाहीत, चामखिळी नाहीत. पुढच्या पायांच्या बोटांत पडदे नाहीत, मागच्या बोटांत मुळाशी जेमतेम. मागचे पाय शरीराच्या मानाने लांब आणि ताकदवान, त्यामुळे उडी एवढी की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा तो कुठे पडला यावर विश्वास बसत नाही.

आता नक्षी. अंगाचा मूळ रंग फिका तपकिरी, पिवळसर किंवा राखाडी, त्यात कधी गुलाबी झाक. पाठीवर गडद तपकिरी आकृती असते. ती दोन डोळ्यांच्या मधून सुरू होते, मानेकडे रुंदावते, खांद्यांच्या मागे आक्रसते आणि पुन्हा रुंदावत मांड्यांपर्यंत जाते. दोन्ही बाजू इतक्या सारख्या की कुणी कागद मध्यावर दुमडून कातरला असावा. आकृतीच्या कडेने फिकी किनार. डोळ्यामागून कुशीवर उतरणारा एक काळसर पट्टा. पायांवर आडवे पट्टे, पोट पांढरे. विणीच्या दिवसांत नराचा गळा काळवंडतो. रंग जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे गडद-फिका होतो, पण आकृतीची ठेवण बहुधा कायम राहते.

पिल्लू आणि हा बेडूक यांत फरक कसा करायचा? भेकाची पिल्ले त्याच दिवसांत डबक्याबाहेर पडतात, पण ती काळपट आणि खरखरीत असतात. शेतातल्या इतर बेडकांच्या पिल्लांचे तोंड लहानपणीच मोठे असते आणि कानाचा पडदाही दिसतो. आणि शेवटची खूण सगळ्यांत पक्की: हा ओरडतो. पिल्लू कधीच ओरडत नाही. वीण फक्त मोठ्यांची असते आणि आवाज विणीसाठी असतो.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. कंगव्याच्या दातांवरून अंगठ्याचे नख जोरात फिरवल्यावर जो आवाज येतो तो दसपट मोठा करा. अनेक लोक याला रातकिड्याचा आवाज समजतात, काही जण मोठ्या बेडकाचा. इंचभर प्राण्याच्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असे मनात येत नाही, म्हणून शोधणारा टॉर्च घेऊन मोठे काहीतरी शोधत राहतो. नराच्या गळ्याखाली एक फुगणारी पिशवी असते. ती फुगली की ती जवळजवळ त्याच्या धडाएवढी दिसते. तो पाण्याच्या कडेला, गवताच्या बुंध्याशी, अर्धवट पाण्यात बसून ओरडतो. आपण चार पावले पुढे गेलो की सगळे डबके एकदम गप्प. मग दिवा विझवून थांबायचे. एक सुरू करतो, त्याच्या पाठोपाठ दुसरा आणि मिनिटभरात पुन्हा कल्लोळ. शोधायला दोघे लागतात. दोघांनी दोन वेगळ्या दिशांनी उभे राहून आवाजाकडे बोट दाखवायचे. दोन बोटांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे तो बसलेला असतो. एकट्याने शोधू पाहणारा बहुतेक वेळा रिकाम्या हाताने आणि भिजल्या पायांनी घरी जातो.

बेडकाच्या आवाजाकडे आपल्या देशात फार पूर्वीपासून लक्ष गेले आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक पूर्ण सूक्त बेडकांवर आहे, एकशे तिसरे. पावसाच्या आधी आणि पावसाबरोबर ओरडणाऱ्या बेडकांची तिथे स्तुती आहे आणि त्यांच्या अंगरंगातले, आवाजातले फरकही टिपले आहेत. आपल्याकडे पाऊस ताणला की पोरे मुसळाला बेडूक बांधून दारोदार धोंडी मागत, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. मुसळावर चढायचा मान नेहमी मोठ्या बेडकाला मिळे. आमचा इंचभर बेडूक बहुधा त्यातून सुटला असावा, कारण त्याला बांधायला सुतळीही जाड पडली असती.

आता डबक्यात उतरू. या प्राण्याची खरी करामत तिथे आहे.

मोठे तळे याला फारसे नको असते. तळ्यात मासे असतात, पाणसाप असतात, मोठे बेडूक असतात. त्याला हवे असते नुकतेच साचलेले, वीतभर खोल, गवताळ काठाचे पाणी, ज्यात अजून कुणी शत्रू आलेला नाही. अशा पाण्याचा दोष एकच, ते टिकत नाही. पावसाने ओढ दिली की काळ्या मातीतले डबके आधी गाळ होते आणि मग त्याला भेगा पडतात. म्हणून या बेडकाचे सगळे आयुष्य घाईला बांधलेले आहे. जोरदार पाऊस पडलेल्या रात्रीच नर जमतात, माद्या येतात, पहाटेपर्यंत अंडी पाण्यावर असतात. मोठ्या बेडकांच्या किंवा भेकांच्या अंड्यांचे पुंजके, माळा आपण पाण्यात बुडालेल्या पाहतो. याची अंडी पाण्याच्या पृष्ठभागावर एकाच थरात पसरलेली असतात. बारीक काळे-पांढरे ठिपके असलेला पातळ पारदर्शक पडदा तरंगतो आहे असे वाटते. साचलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू कमी असतो, वरच्या थरात हवा सतत मिळते, आणि पृष्ठभाग उन्हाने लवकर तापतो. त्यामुळे सुमारे एका दिवसात अंड्यातून पिल्लू बाहेर पडते.

अंड्यातून निघालेल्या या पोराचे रूप आणखी गमतीचे आहे. शाळेत आपण काळा गोल बेडकाचा मासा शिकलो. याचे पोर काचेसारखे आरपार असते. पोटातले आतडे, डोळ्यामागची रचना, सगळे बाहेरून दिसते. इतर पोरे तळाशी दगडावरचे शेवाळ खरवडून खातात, त्यासाठी त्यांना ओठांवर कठीण दातेरी चोच असते. याला ती नसते. हा पाण्याच्या मधल्या थरात जवळजवळ स्थिर लटकत राहतो, शेपटीचे बारीक टोक तेवढे थरथरत असते. तो तोंडाने पाणी आत ओढतो, त्यातले सूक्ष्म जीव गाळून घेतो आणि उरलेले पाणी पोटाखाली मध्यावर असलेल्या छिद्रातून बाहेर टाकतो. आपल्या शेतातल्या इतर बहुतेक बेडकांच्या पोरांत हे छिद्र डाव्या कुशीवर असते. काचेच्या पेल्यात दोन्ही पोरे ठेवून भिंगाने पाहिली तर आठवीच्या मुलालाही फरक कळतो. पाहून झाल्यावर त्यांना त्याच डबक्यात परत सोडायचे, एवढे मात्र मुलांना सांगा.

डबके साथ देईल तर काही आठवड्यांत पाय फुटतात, शेपटी आत शोषली जाते आणि सेंटिमीटरहून लहान बेडूक गवतात उडी मारतो. मग त्याचे खाणे बदलते. पाण्यात असताना गाळून खाणारा, बाहेर आल्यावर मुंग्या आणि वाळवी यांचा शिकारी होतो. लहान तोंडाचा उलगडा इथे होतो. मुंगी खाण्याला मोठा जबडा लागत नाही, चपळ जीभ लागते. पावसाळा संपला की तो दगडाखाली, पालापाचोळ्यात, जमिनीच्या भेगांत शिरतो. कुंड्यांच्या तळाशी, विटांच्या ढिगाखाली ओलावा असेल तर तिथेही. आत्ता, आपण इथे बसलो असताना, तो तुमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या आळ्याच्या पाचोळ्याखाली असू शकतो.

या अंड्यांनी महाराष्ट्राच्या विज्ञानात एक काम केले आहे आणि ते कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात सांगितलेच पाहिजे. पुण्यातल्या प्राणिशास्त्रज्ञांना ही अंडी प्रयोगासाठी फार सोयीची वाटली. पावसाळ्यात ती सहज मिळतात, पारदर्शक असतात आणि तासातासाला होणारी वाढ डोळ्यांनी पाहता येते. १९८३ साली के. आर. पवार, हेमंत घाटे आणि एम. काटदरे यांनी मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचा या बेडकाच्या गर्भावर काय परिणाम होतो ते प्रसिद्ध केले. वाढ खुंटणे, शरीर वाकडे होणे असे दोष दिसले. पुढच्याच वर्षी पवार आणि काटदरे यांनी फेनिट्रोथिऑन, बीएचसी आणि कार्बोफ्यूरान यांचे परिणाम तपासले. बीएचसीची पावडर इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी हाताने उडवलेली आहे. तिच्यावर देशात बंदी आली ती १९९७ साली. १९९२ मध्ये आनंद पाध्ये आणि घाटे यांनी याच बेडकाच्या वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांना पोटॅशियम क्लोराईडसारखे क्षार किती सोसतात यावर काम प्रसिद्ध केले. पोटॅशियम क्लोराईड म्हणजे आपल्या खताच्या पोत्यातला पोटॅश, हे ध्यानात घ्या.

हे प्रयोग काचेच्या भांड्यात झाले. वावरात काय होते? पऱ्हाटीवर आणि सोयाबीनवर फवारणी होते जुलैपासून पुढे, आणि धुऱ्याच्या डबक्यात या बेडकाची अंडी आणि पोरे असतात त्याच दिवसांत. पावसाच्या सरीबरोबर पानांवरचे औषध खाली येते आणि वीतभर पाण्यात जमा होते. मोठ्या तलावात ते विरळ होते, डबक्यात होत नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे फवारणीच्या विषाची चर्चा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. माणसांचे मोजमाप उशिरा का होईना झाले. डबक्यातल्या पोरांना कुणी मोजत नाही.

आणखी एक संकट चांगल्या हेतूने येते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून साचलेल्या पाण्यात गप्पी किंवा गंबुसिया मासे सोडतात. गंबुसिया आपल्याकडचा नाही, तो मूळचा अमेरिकेतला, विसाच्या दशकात भारतात आणला गेला. हा मासा नक्षीदार बेडकाची पोरे खातो, अशी नोंद घाटे आणि पाध्ये यांनी १९८८ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये केली. मलेरिया-डेंग्यूचा बंदोबस्त करू नका असे मी म्हणत नाही. विहिरीत, टाक्यात मासे सोडा. रानातल्या हंगामी डबक्यात ते सोडून मिळत काही नाही, कारण महिन्या-दोन महिन्यांनी मासाही मरणारच आहे.

आता विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे येतो. हा बेडूक राहतो कुठे? गावपातळीवरचे उत्तर मी दिले: पांदण, धुरा, खळगा. नकाशावरचे उत्तर मात्र गेल्या वीस वर्षांत पार बदलले, आणि ती हकिगत मला बेडकाच्या रूपाइतकीच रंजक वाटते.

दुमेरिल आणि बिब्रॉन या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८४१ साली याचे पहिले वर्णन छापले. त्यांच्यापुढचे नमुने मलबार किनाऱ्यावरचे होते. पुढे बोलांजे या ब्रिटिश संग्रहालयातल्या शास्त्रज्ञाने १८९० साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा आणि बेडकांचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यातही हा आहे. त्याच काळात पूर्वेकडूनही असेच बेडूक येत होते. तैवानच्या बेडकाला बोलांजेनेच १८८४ साली फिसिपेस असे वेगळे नाव दिले होते, आणि जपानच्या ओकिनावा बेटांवरच्या बेडकाला स्टेजनेगरने १९०१ साली ओकिनावेन्सिस म्हटले होते. पण बाटलीत मद्यार्कात ठेवलेले बेडूक पाहताना सगळ्यांच्या पाठीवर तीच आकृती, तेवढीच लांबी. हळूहळू ही नावे ऑर्नाटाच्या पोटात गेली. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पुस्तकांत लिहिलेले असे की हा बेडूक पाकिस्तान आणि भारतापासून श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, दक्षिण चीन, तैवान ते जपानच्या बेटांपर्यंत आढळतो. इंचभर प्राणी, जो एका पावसाळ्यात शे-दोनशे पावले जात असेल नसेल, त्याच्या नावावर अर्धा आशिया!

२००५ साली मासाफुमी मात्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. या चमूत धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातले एस. के. सैदापूरही होते. निकाल स्पष्ट होता: दक्षिण आशियातला बेडूक वेगळा, आग्नेय आशिया-चीन-तैवानचा वेगळा आणि ओकिनावाकडचा वेगळा. ऑर्नाटा हे नाव आपल्या उपखंडाकडे राहिले आणि पूर्वेकडची दोन्ही जुनी नावे पुन्हा जिवंत झाली. नकाशा एका निबंधात निम्म्याहून कमी झाला आणि जमिनीवर एकही बेडूक हलला नाही.

तिथेही गोष्ट थांबली नाही. २०१५ साली बांगलादेशातल्या निलफामारी जिल्ह्यातून एक नवी जात वर्णिली गेली, मायक्रोहायला निलफामारिएन्सिस. दिसायला अगदी आपल्या बेडकासारखी. मग लोकांनी जुने नमुने पुन्हा तपासले आणि ही जात नेपाळात आणि उत्तर भारतातही सापडली. म्हणजे पूर्वी जे जे ऑर्नाटा म्हणून लिहिले गेले त्यातले उत्तरेकडचे बरेच काही दुसऱ्याच जातीचे होते. २०१६ साली कर्नाटकात मणिपालजवळच्या जांभ्या दगडाच्या पठारावरून लॅटेराइट नावाची जात आली, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. २०१८ साली मंगळूर शहरातून कोडियाल नावाची जात वर्णिली गेली. कोडियाल हे मंगळूरचे कोंकणी नाव. या बेडकाचे नाते आग्नेय आशियातल्या जातींशी निघाले आणि तो सापडला लाकडाच्या वखारीजवळ. परदेशी लाकडाबरोबर जहाजाने आला असावा अशी शक्यता संशोधकांनी मांडली. शहराच्या हद्दीत शास्त्राला ठाऊक नसलेला एक बेडूक ओरडत होता. मला ही नोंद फार आवडते. नव्या जाती शोधायला दुर्गम दरीत उतरावे लागते हा आपला समज ती मोडून काढते.

महाराष्ट्रात बेडकांवर काम होत नाही असे नाही. उलट गेल्या पंधरा-वीस वर्षांत उत्तम काम झाले. आंबोलीचा वाघभेक २००९ साली वर्णिला गेला; मुसळधार पावसात कातळावरच्या उथळ पाण्यात वीण करणारा, आंबोलीच्या आसपासच्या छोट्या टापूत राहणारा. कोयनेच्या खोऱ्यातला त्याचा भाऊबंद १९६३ पासून माहीत आहे. २०१९ साली एका बेडकाला तर मराठी हेच नाव मिळाले, मिनर्वार्या मराठी, उत्तर सह्याद्रीतला. ही सगळी नावे नकाशावर टाका. पश्चिमेला घाटाच्या कडेने ठिपक्यांची दाटी दिसेल. तिथे पाऊस जास्त, जाती जास्त, अभ्यासक जास्त आणि पुण्याहून एका रात्रीत पोचता येते. मग डोळे पूर्वेकडे सरकवा. मेळघाट, नवेगाव, नागझिरा, ताडोबा असे जंगलांचे थोडे ठिपके. मधला वऱ्हाड आणि वर्धेचा काळ्या मातीचा पट्टा बराच मोकळा. आपल्याकडे बोर आहे, १९७० साली अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. तिथे जाणारा माणूस वाघासाठी जातो आणि पावसाळ्यात, म्हणजे बेडकाच्या हंगामात, जंगलाचे फाटक बंद असते.

इथेच माझे म्हणणे तुमच्यापुढे ठेवतो. दुर्मिळ प्राण्याची नोंद कुणीतरी ठेवते, कारण दुर्मिळतेला बातमीमूल्य आहे. सर्रास आढळणाऱ्या प्राण्याची नोंद कुणी ठेवत नाही, आणि मग त्याचा मुलूख कोणता, तो घटतो आहे की टिकून आहे, हे अंदाजाने सांगावे लागते. जागतिक यादीत ऑर्नाटा चिंतेबाहेरचा, म्हणजे सुरक्षित, असा लिहिलेला आहे. मान्य. पण ही सुरक्षितता ज्या विस्ताराच्या भरवशावर धरली जाते त्याच विस्ताराचे काय झाले हे तुम्ही आत्ता ऐकले. एका जातीचा मुलूख अनेक जातींत वाटला गेला की प्रत्येकीच्या वाट्याला लहान तुकडा येतो.

आणि आपला कारंजा तालुका बसला आहे दख्खनच्या काळ्या कातळाच्या पठारावर, उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये. दक्षिणेकडे ऑर्नाटाचा मूळ मुलूख, उत्तरेकडे निलफामारीच्या जातीचा. ढग्याच्या टेकड्यांत पाणी एका दगडाळ उतारावर साचते, कार नदीच्या काठच्या भारी जमिनीत दुसऱ्या तऱ्हेने. आपल्या डबक्यातला बेडूक कोणत्या घराण्याचा, हे पाठीवरच्या आकृतीवरून ठरत नाही. ते आवाजाच्या ध्वनिमुद्रणावरून आणि जनुकांवरून ठरते. दुसऱ्या कामाला प्रयोगशाळा लागते. पहिल्याला तुमच्या खिशातला मोबाइल पुरतो.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: याने शेतकऱ्याला काय मिळणार? वाळवी खातो म्हणून हा बेडूक शेतकऱ्याचा मित्र, असे उत्तर मी देऊ शकतो आणि टाळ्याही पडतील. पण मी ते देणार नाही. इंचभर बेडूक किती वाळवी खाऊन संत्र्याचे झाड वाचवतो याचा हिशेब मांडल्याशिवाय असे बोलणे म्हणजे बेडकाला उगीच नोकरीला लावणे आहे. हेटीकुंडीला गवळाऊ गाईंची पैदास जपली, कारण ती इथली जात होती आणि तिची वंशावळ कुणीतरी वहीत लिहून ठेवली. वही होती म्हणून गाय ओळखू आली. बेडकाबद्दल माझी मागणी वहीपुरतीच आहे.

ती वही कायद्याने तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. अनेक गावांत ती वरून तारीख आली म्हणून घाईने भरली गेली. तुमच्या गावची वही उघडा आणि बेडकांपुढे काय लिहिले आहे ते बघा. नुसता बेडूक असा शब्द असेल तर त्या पानावर बरीच जागा शिल्लक आहे.

काय लिहायचे ते सांगतो. पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री घराजवळच्या एखाद्या डबक्याशी जा. सापाची भीती असते, म्हणून बूट घाला आणि एकटे जाऊ नका. कंगव्याचा आवाज ऐकू आला की मोबाइलवर पूर्ण मिनिटभर मुद्रित करा. त्यात तोंडाने तारीख, वेळ, गावाचे आणि शिवाराचे नाव बोला. नक्षत्र सांगितले तरी चालेल, जुन्या माणसांच्या आठवणींशी ते जुळवता येते. बेडूक दिसला तर वरून एक आणि बाजूने एक असा फोटो घ्या, हातात धरू नका. हातावरचा साबण, तंबाखू, फवारणीचे औषध त्याच्या ओल्या कातडीतून थेट आत जाते. मग आठवड्याने त्याच डबक्यावर परत जाऊन पाणी आहे का, पोरे आहेत का, एवढे लिहा. डबके आटले असेल तर तेही लिहा. ती नोंदसुद्धा तेवढ्याच कामाची आहे. शाळेतल्या मुलांना हे काम दिले तर ती मोठ्यांपेक्षा चांगले करतील, कारण त्यांना अंधारात डबक्याशी बसायला निमित्तच हवे असते. इंटरनेटवर आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या ठिकाणी फोटो आणि आवाज टाकता येतात, आणि देशभरातले जाणकार नाव ओळखायला मदत करतात. पण मूळ नोंद गावच्या वहीत असू द्या.

आणि पांदण पक्की करताना, धुरा सरळ करताना, नाला खोल करताना एखादा गवताळ खळगा तसाच राहू देता येतो का ते बघा. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या उभ्या काठाच्या शेततळ्यात या बेडकाला ना गवत मिळते ना उथळ कड. तळे हवेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेजारी वीतभर खोलीची दहा फूट जागा सोडली तर पैसा लागत नाही.

मृग साधारण ७-८ जूनला लागतो. जैवविविधता समितीचे सदस्य तुमच्याच गावचे आहेत. त्यांना त्याआधी गाठा आणि वही मागून घ्या.